पेशंट घरून आणावा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बाजारात भाजीवाली माझ्याशी भाव करत नाही, सरळ हात जोडते. काळीपिवळी जीपमध्ये मी चढले की ड्रायव्हर गाणी बंद करतो, म्हणतो, आता बाई हाय. माझी आई सांगायची, ही पोरगी जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. अशा माझ्या घरात एक माणूस असा होता, की लग्न झाल्यापासून मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. तो माझ्या हातची भाकरी खायचा, माझ्या मुलांना मांडीवर घ्यायचा, आणि त्याला मी हाक मारलेली नव्हती. ते म्हणजे माझे सासरे.

भांडण नव्हतं हो. आमच्या बंजारा तांड्यातली ही जुनी रीत आहे. सुनेनं सासऱ्यांसमोर पदर पुढे ओढायचा आणि तोंड बंद ठेवायचं. आताच्या सुना काही पाळत नाहीत, त्या मोबाइलवर सासऱ्याला गुड मॉर्निंग पाठवतात, फुलासकट. पण मी आले तेव्हा पाळत होते, आणि एकदा पाळायला लागल्यावर सोडायचं कोणत्या दिवशी? मंगळवारी मुकी आणि बुधवारी एकदम ‘काय बापू, जेवले का?’ असं कसं म्हणणार? सुरुवात करायला काहीतरी निमित्त लागतं आणि ते कधी आलंच नाही. घरात सगळे त्यांना बापू म्हणतात. मीही म्हणायची, पण ते शेतात गेल्यावर.

मग घर कसं चालायचं? छान चालायचं. मी शेळीशी बोलायची. बापू खाटेवर बसलेले असले की मी शेळीकडे बघून म्हणायची, “शेळी वं, चहा निवून राह्यला म्हणावं.” बापू दाराच्या चौकटीकडे बघून म्हणायचे, “कोणी साखर टाकायची भुलली वाटते.” मी शेळीला सांगायची, “डॉक्टरनं साखर बंद केली म्हणावं.” चौकट बिचारी गप्प राहायची. आमच्या घरात गोर बोली चालते, पण सगळ्यांना समजावं म्हणून इथे वऱ्हाडीत सांगतेय. शेळीला दोन्ही समजायच्या.

आता मी शिकले त्या कॉलेजबद्दल. दारव्ह्याला जिनिंगचं एक जुनं गोदाम आहे. कापूस यायचा बंद झाल्यावर तिथे प्लायवूडच्या भिंती घालून तीन वर्ग केले. बोर्डावर समुदाय महाविद्यालय असं भारदस्त नाव आहे, पण गावात त्याला सगळे कोर्सवालं कॉलेज म्हणतात. पहिल्या वर्गात बालवाडीच्या बाया तयार होतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती शिकवतात आणि तिसऱ्यात आपत्कालीन वैद्यकीय सेवा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरचं काम. भिंती छतापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे शिकतो एकच कोर्स, पण ऐकतो तिन्ही. मला आजही पंख्याचा कंडेन्सर कसा बदलायचा ते तोंडपाठ आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना चिऊताईचं गाणं हातवाऱ्यांसकट येतं.

मी खरं तर बालवाडीच्या कोर्ससाठी गेले होते. तिथल्या ताईंनी मला एक गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. ताई फार गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही पलीकडच्या वर्गात विचारून बघा. तिथं जोरात हाक मारता आली पाहिजे.”

पलीकडच्या वर्गाच्या मॅडम पूर्वी मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी मला एका वाक्यात घेतलं. “आवाज आहे, हात मजबूत आहेत, घाबरत नाहीस. बस.” मी बसले, आणि तीन दिवसांत मॅडमनी मला पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर पाठवलं, कारण माझे प्रश्न संपत नव्हते.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. दिवाळी झाली की आमच्या तांड्यातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. आम्हीही जायचो. मुकादम एकेकटं माणूस घेत नाही, नवरा-बायको जोडीनं मिळून एक कोयता धरतो, त्यामुळे मला जावंच लागायचं, आणि मी गेले की मुलंही सोबत. माझी मुलगी चौथीपर्यंत आली होती, पण एकाही वर्गाचा शेवटचा धडा तिने शाळेत बसून वाचला नव्हता. प्रत्येक वर्षी तिचं पुस्तक मध्येच थांबायचं. दारव्ह्याच्या एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्यानं सांगितलं होतं, बाई पास झाली की मदतनीस म्हणून घेतो. म्हणजे मी पास झाले तर घरी राहणार, आणि मी राहिले तर मुलं राहणार. नापास झाले तर कोयता होताच. कोर्सला जाऊ द्यावं की नाही यावर घरात खल झाला तेव्हा बापूंनी चौकटीला एवढंच सांगितलं, “शिकू दे म्हणा.” मी शेळीला म्हटलं, “बरं म्हणावं.”

आमच्या वर्गात शिकायला एक बाहुली होती. माणसाएवढी, कमरेपर्यंतची, तोंड उघडं. छाती बरोबर दाबली की तिच्या आतून ‘टक’ असा आवाज यायचा. सगळ्या वर्गाने रोज तिला मरणाच्या दारातून परत आणायचं. एक दिवस टक बंद पडला. शेजारी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग असताना आम्ही दुसरीकडे कशाला जाऊ? पोरांनी मोठ्या हौसेनं तिचं पोट उघडलं. दुसऱ्या दिवशी बाहुली परत आली ती दाराची बेल बसवून. बरोबर दाबलं की पक्षी किलबिलायचे. मग काय, पेशंट वाचवायचं राहिलं बाजूला, किलबिल ऐकायला बालवाडीच्या बायासुद्धा येऊन छाती दाबून जायला लागल्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्या गळ्यातून धूर निघाला. किलबिल हळूहळू घोगरी झाली आणि थांबली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो, सगळे प्रशिक्षित, आणि कोणालाच काही करता आलं नाही.

मॅडमनी कपाळावर हात मारला. नवी बाहुली परीक्षेपर्यंत यायची नव्हती. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येकीने आपापला पेशंट घरून आणावा. माणसाची छाती कोणी दाबायची नाही, नुसते हात कुठे ठेवायचे ते दाखवायचं. पण बाकी सगळं खरं करायचं. पेशंटला हलवून मोठ्याने हाक मारायची, ऐकू येतं का विचारायचं, श्वास बघायचा, मग कुशीवर वळवायचं. “आणि पेशंट एकदम बेशुद्ध पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “हालचाल नाही, बोलणं नाही. पेशंट बोलला तर तो बेशुद्ध नाही, आणि तुमची परीक्षा तिथंच संपली.”

माझा पेशंट ठरलेला होता, माझी सासू. तिला आम्ही याडी म्हणतो, म्हणजे आई. नवरा तेव्हा मळणीयंत्रासोबत उमरखेडकडे सोयाबीन काढायला गेला होता. याडी रोज संध्याकाळी अंगणात बेशुद्ध पडायची. तिला ते फार आवडलं. फक्त एक अडचण होती. मानेला हात लावला की तिला गुदगुल्या व्हायच्या, आणि बेशुद्ध असतानाही तिला शेजारणीला सांगायला काहीतरी आठवायचंच. तरी शेवटी शेवटी ती चांगली तयार झाली. बापू खाटेवरून हे सगळं बघायचे आणि चौकटीला म्हणायचे, “बुढी इतकी गप्प पहिल्यांदा पाह्यली.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी आमची म्हैस व्यायला झाली. याडीने माझ्याकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, आणि गोठ्यात बसली. “तुही परीक्षा पुढच्या साली होईन,” ती म्हणाली, “हिचं आत्ताच होईन.” मी तोंड उघडलं, पण म्हशीपुढे माझं काय चालणार? तांड्यातल्या ज्या ज्या बाईला विचारावं ती सोयाबीनमध्ये. जीपचा भोंगा वाजायला लागला. मी अंगणात पिशवी धरून उभी, आणि रडू येतंय की राग, तेच कळेना. तेवढ्यात खाटेवरून बापू उठले. नवं धोतर, डोक्याला पागोटं. ते केव्हापासून तयार होऊन बसले होते कोण जाणे. चौकटीकडे बघत म्हणाले, “पेशंट पाहिजे म्हणते. मी रिकामाच हावो.”

शेळीला काय सांगावं ते मला सुचलं नाही. आम्ही जीपमध्ये बसलो. ते पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे दाराशी. दारव्ह्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून बघितलं, की बाई बरी आहे ना.

परीक्षा घ्यायला यवतमाळहून एक डॉक्टर आले होते. तरुण, चष्मेवाले, फार शिस्तीचे. मधोमध सतरंजी अंथरलेली. माझा नंबर आला तसे बापूंनी पागोटं काढून नीट बाजूला ठेवलं, आडवे झाले आणि डोळे मिटले. मी गुडघ्यावर बसले. पदर आपोआप पुढे आला.

“सुरू करा,” डॉक्टर म्हणाले. “रस्त्यात हा माणूस पडलेला दिसला. काय कराल?”

पहिली पायरी मला येत होती. जागा सुरक्षित आहे ना, बघितलं. पुढची पायरी, खांदे थोपटून हाक. माझा हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. ज्या आवाजासाठी मला बालवाडीतून हाकललं होतं, तो आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. डॉक्टर वाट बघत होते. मॅडम डोळ्यांनी सांगत होत्या, अगं हाक मार. मी घाम पुसला आणि मला जे घरी येत होतं तेच केलं. डॉक्टरांकडे तोंड करून म्हटलं, “साहेब, ह्यांना विचारा बरं, आयकू येते का म्हणावं.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “कोणाला विचारू?”

“पेशंटले.”

“मी विचारू?”

आणि तेवढ्यात सतरंजीवरून, डोळे मिटलेलेच, बापू अतिशय गंभीरपणे बोलले, “सांगा म्हणा तिले, मी बेशुद्ध हावो.”

सगळं गोदाम हसलं. भिंतीवरून डोकावणारी इलेक्ट्रॉनिक्सची पोरं खाली पडायची बाकी राहिली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. “पेशंट बोलतोय,” ते म्हणाले, “म्हणजे शुद्धीवर आहे. पुढच्या बाई या.”

मॅडमनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. रीत समजावली असावी. डॉक्टरांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि म्हणाले, बरं, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी एकदा. फक्त एकदा.

आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. लांब बाक होता. एका टोकाला मी, एका टोकाला बापू आणि मधे ती जळलेली बाहुली, तोंड उघडं टाकून. मला इतका राग आला होता की काय सांगू. स्वतःचा, रीतीचा, म्हशीचा. शेळी तर तिथे नव्हती. मी बाहुलीला म्हटलं, “नापास झाली मी. बेशुद्ध माणूस कधी बोलते काय, म्हणावं.”

बापूंनीही बाहुलीकडेच बघितलं. “कोणी इचारलं तं सांगा लागते,” ते म्हणाले. “आता नाई बोलत म्हणा. जीव गेला तरी नाई बोलत.”

“मीच बोलू शकली नाई तं त्याइचं गप्प राहून काय होते म्हणावं.”

आतून एकेकीच्या हाका ऐकू येत होत्या. ताई, ऐकू येतं का. काका, डोळे उघडा. सगळ्यांना हाक मारता येत होती. मग बापू हळूच बाहुलीला म्हणाले, “एक गोठ इचार तिले. उद्या गाडी घेऊन गेली, अन् रस्त्यावर कोणी बुढा पडून राह्यला, तं ती त्याच्या सुनेले शोधत बसन काय? आंधी दुसऱ्याले ‘ह्याले इचारा’ म्हणन, मंग हात लावन?” थोड्या वेळाने आणखी म्हणाले, “नातीची शाळा हाय म्हणा. तिले पुस्तक पुरं करायचं हाय.”

मी आयुष्यात पहिल्यांदा वादात हरले, तेही बाहुलीच्या मध्यस्थीने.

शेवटी आमचं नाव पुकारलं. बापू पुन्हा सतरंजीवर आडवे झाले. या वेळी मी गुडघ्यावर बसण्याआधीच पदर मागे घेतला आणि कमरेला खोचला. रोवणीला, निंदणाला खोचतो तसा, कामाचा म्हणून. वाकले आणि त्यांचं तोंड बघितलं. मला सांगायला लाज वाटत नाही, इतकी वर्षं मी त्या माणसाला पायांवरून ओळखत होते. अंगणात पाय दिसले की पदर पुढे. चेहरा असा जवळून कधी बघितलाच नव्हता. भुवईत जुनी खोक होती. कानाच्या पाळीला भोक होतं, कधीकाळी बाळी घालत असणार. आणि माझ्या मुलीचं नाक हुबेहूब इथून आलं होतं. मला वाटायचं ते माझ्या माहेरचं आहे, आणि तसं मी चार लोकांत ठणकावून सांगितलंही होतं.

मी दोन्ही खांदे धरले आणि हाक मारली. “बापू! ओ बापू! आयकू येते का?”

आवाज आला. असा आला की पलीकडे चिऊताई गाता गाता बंद पडली आणि दुसऱ्या वर्गात कोणाच्या तरी हातून कसलंसं यंत्र खाली पडलं. डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. मी थांबले नाही. मदतीला माणूस पाठवला, हनुवटी उचलली, गाल त्यांच्या नाकाजवळ नेऊन श्वास बघितला. तंबाखूचा वास आला, म्हणजे श्वास होता. छातीवर हात कुठे ठेवायचे ते दाखवलं. गुडघा मोडून, खांदा धरून कुशीवर वळवलं. बापू लाकडासारखे वळले. पापणी हलली नाही.

“व्यवस्थित,” डॉक्टर म्हणाले. “पास. उठा काका.”

काका उठले नाहीत.

“काका, झाली परीक्षा,” मॅडम म्हणाल्या.

तरी नाही. मी उठायला लागले होते, ती तशीच परत खाली बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. साखरेचा त्रास. जीपमधले गचके. वर ही उन्हाची तलखी. मी सगळं शिकले होते, पायऱ्या पाठ होत्या, आणि त्या क्षणी एकही आठवली नाही. डॉक्टर वाकायच्या आत मी बापूंचे खांदे गदागदा हलवले आणि ओरडले, “बापू!” ही हाक मार्कांसाठी नव्हती. ती कुठून आली मला माहीत नाही.

बापूंनी एक डोळा उघडला. चौकटीकडे नाही, बाहुलीकडे नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

मग मात्र माझं तोंड सुटलं. असं करते का कोणी? माहा जीव गेला असता! परीक्षा झाली तं उठा नाई लागत? म्हातारपणी हे काय सुचून राह्यलं? साखरेचा चहा चोरून पेता ते मले माहीत नाई काय? तंबाखू कोण आणून देते तेबी माहीत हाय मले! इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या सतरंजीवर मी ओतलं. सगळे वर्ग भिंतीवरून बघत होते. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला होता, आणि पहिल्यांदाच ते हसत होते. बापू उठून बसले, पागोटं मांडीवर ठेवलं आणि कोणी कथा सांगत असल्यासारखे मान डोलवत ऐकत राहिले. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, “झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“भांडण घरीबी करशीन,” ते म्हणाले. “अजून एक डाव हाक मार. मघाशी तू मारली तं मले उठूच वाटलं नाई. घरात सगळ्याइचा बापू हावो मी. तुह्या तोंडून कधी आयकलं नोतं.”

मी पुन्हा खाली बसले. या वेळी खांदे थोपटले नाहीत, आवाजही मोठा केला नाही, त्यांना ऐकू येईल इतकाच.

“बापू,” मी म्हटलं.